शब्द कुठून कापायचा? मुलांच्या गुप्त भाषांमागचं डोकं

२०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमनं वर्षाचा शब्द म्हणून चक्क एक आकडा निवडला, "६७". सदुसष्ट म्हणायचं नाही हं, "सिक्स सेव्हन" असं सुटं सुटं म्हणायचं. जगभरातली शाळकरी पोरं ते कुठेही, कशालाही म्हणत होती आणि मोठ्यांनी "अरे याचा अर्थ काय" विचारलं की एकमेकांकडे बघून हसत होती. त्यावर बातम्या आल्या, लेख आले, आणि बहुतेक ठिकाणी सूर हाच की आजकालच्या मुलांची भाषा काही कळेनाशी झालीय.

मला ते वाचताना सारखं वाटत होतं की मुलांची भाषा मोठ्यांना न कळणं यात आजकालचं असं काय आहे, उलट मुलांच्या जुन्यात जुन्या खेळांपैकी हा एक आहे आणि आपण सगळे तो खेळून विसरलोय. हे वाचून बघा:

चईलाआ चगूसां चकोन.

ज्यांनी लहानपणी च ची भाषा बोललीय त्यांना हे वाचायला दोन सेकंद लागले असतील. बाकीच्यांसाठी सांगते, "आईला सांगू नको". प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि रिकाम्या जागेवर च बसवायचा, बास एवढाच नियम. आईला म्हणजे आ-ई-ला, त्यातला आ शेवटी गेला, पुढे च आला, झालं चईलाआ. नको चं चकोन. एकाच अक्षराचा शब्द असेल तर नुसता पुढे च, म्हणजे तू चं चतू. ठिकठिकाणी नियमात थोडाफार फरक असतो, पण मूळ कल्पना हीच.

आणि या साध्या दिसणाऱ्या खेळात भाषेबद्दलची एक फार मोठी गोष्ट लपलीय, जी मला स्वतःला खूप उशिरा कळली, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी बेसिक: हे नक्की असतं काय

दोन गोष्टींची गल्लत होते ती पहिल्यांदा वेगळी करू. एक असतो सांकेतिक शब्द, म्हणजे चारजणांनी मिळून ठरवलं की "छत्री" म्हटलं की समजायचं बाई वर्गात येतायत. हा शब्द पाठ करावा लागतो, आणि उद्या नवीन काही सांगायचं असेल तर नवीन शब्द ठरवावा लागतो. ६७ याच घराण्यातलं, फक्त त्याला धड अर्थही नाही.

दुसरी असते खेळभाषा. यात शब्द पाठ करायचे नसतात, फक्त एक नियम पाठ करायचा असतो आणि तो नियम भाषेतल्या कुठल्याही शब्दाला लागतो, अगदी आज सकाळी पहिल्यांदा ऐकलेल्या शब्दालासुद्धा. भाषाशास्त्रज्ञांनी याला नाव दिलंय "लडलिंग", डॉन लेकॉक नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९७२ मध्ये, लॅटिनमधल्या खेळ आणि जीभ या दोन शब्दांवरून. आपण खेळभाषाच म्हणू.

माझ्या मते हे समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण उलट्या शर्टाचं. शर्ट उलटा करून घातला तरी शर्ट तोच असतो, कापड तेच, बाह्या त्याच, पण एक गोष्ट दिसायला लागते जी एरवी आत लपलेली असते, ती म्हणजे शिवण. कुठला तुकडा कुठे जोडलाय ते कळतं. खेळभाषा शब्दाला तसंच उलटं करते, आणि मग शब्दाची शिवण दिसते. गंमत म्हणजे ती शिवण कुठे आहे हे त्या सात-आठ वर्षांच्या पोराला कुणीही शिकवलेलं नसतं.

कापायचं कुठे, हाच सगळा खेळ

पहिलं अक्षर उचलायचं म्हणजे आधी शब्द कापायला हवा. कुठे कापायचा? आपल्याला वाटतं यात विचारण्यासारखं काय आहे, समोरच तर दिसतंय. पण थांबा.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची अशीच भाषा आहे, पिग लॅटिन. तिचा नियम जवळपास आपल्यासारखाच, सुरुवातीचा तुकडा उचलायचा, शेवटी न्यायचा आणि त्याला "ए" जोडायचा. आता दोन्हीकडे वापरला जाणारा एक शब्द घेऊ, स्ट्रीट. मराठी मूल च च्या भाषेत याचे तुकडे करेल स्ट्री-ट, आणि म्हणेल "चटस्ट्री". इंग्रजी मूल म्हणेल "ईटस्ट्रे". म्हणजे त्यानं कापलं कुठे? आपण ज्याला एक अखंड अक्षर समजतो त्या स्ट्री च्या पोटातून! स्ट्र वेगळा केला आणि ई वेगळी. आपल्या मुलाला स्ट्री फोडायचं सुचतच नाही, आणि त्या मुलाला स्ट्री एकत्र उचलायचं सुचत नाही, शब्द एकच, नियम जवळपास एकच, पण सुरी वेगळ्या जागी पडते.

याचं कारण असं की बोलण्याचा आवाज हा नळाच्या धारेसारखा सलग असतो. ध्वनिमुद्रण करून त्याचा आलेख काढला तर शब्दांच्या मधेसुद्धा नेहमी मोकळी जागा दिसत नाही, मग अक्षरांच्या मधे कुठून दिसणार. तुकडे आपलं डोकं करतं, आणि कुठल्या भाषेत वाढलोय त्यावर ते कुठे करायचे हे ठरतं.

उलटसुलट सारखी वाचता येणारी आपली वाक्यं आठवा, "रामाला भाला मारा". रा-मा-ला-भा-ला-मा-रा, उलटीकडून वाचा, तेच. पण हे फक्त अक्षरं उलटी केली तर जमतं. एकेक ध्वनी सुटा करून, म्हणजे र वेगळा आणि आ वेगळा असं धरून उलटं केलं तर येतं "आराम आलाभ आलामार", आणि वाक्य कोसळतं. पण लहानपणी हा खेळ करताना आपल्यापैकी कुणीही असं ध्वनीध्वनीनं उलटं करून बघितलं नसणार, कारण आपल्यासाठी तुकडा म्हणजे अक्षर.

"काय" मधला झोपलेला अ

हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे त्यामुळे जरा रेंगाळते.

"काय" हा शब्द आपण बोलतो कसा? काय्. शेवटचा य अर्धवट, पाय मोडलेला. एका दमात एकच ठोका पडतो. आता हाच शब्द च च्या भाषेत टाका: चयका. इथे य पूर्ण झाला की! त्याच्यात एक अ आला, जो बोलताना नव्हता. तसंच "घर", बोलताना घर्, पण उलटं केलं की "चरघ", र मध्ये अ जागा होतो.

म्हणजे तो अ गेला कुठे होता? तर तो शब्दात झोपलेला होता असं समजा. लिहिताना आपण काय्, घर् असा पाय मोडत नाही, पूर्ण य आणि पूर्ण र लिहितो, आणि जुन्या ओव्या-अभंग तालावर म्हणताना शेवटचा अ उच्चारलासुद्धा जातो. रोजच्या बोलण्यात तो गिळला जातो, पण डोक्यातल्या शब्दात त्याची जागा राखीव असते, आणि खेळभाषेनं शब्द हलवला की तो उठून बसतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे समजावायला पानं लागतात, आणि इथे एक पोरगी भरभर "चतू चयका चरतोसक" बोलून तेच करून दाखवते.

जपानी मुलांच्या खेळभाषेत याचं जुळं भावंड सापडतं. तिथे प्रत्येक ठोक्यानंतर ब घुसवतात, आधीचा स्वर जो असेल तोच त्या ब ला लावायचा. साकुरा चं होतं साबाकुबुराबा. इथपर्यंत सोपं. पण कोन्निचिवा चं होतं को-बो-न-बु-नि-बि-चि-बि-वा-बा, म्हणजे त्यातल्या एकट्या पाय मोडलेल्या न् नंतरसुद्धा बु येतो. आपल्याला तो न् को ला चिकटलेला वाटतो, जपानी मुलाला मात्र तो स्वतंत्र ठोका वाटतो, बाकीच्यांच्या बरोबरीचा.

इतर भाषांतल्या शिवणी

स्पॅनिशमध्ये प घुसवतात, कासा (घर) चं कापासापा. मराठीतही घुसवायचा खेळ करता येतो, समजा र्फ हा तुकडा ठरवला आणि तो अक्षराच्या पोटात घुसवला तर तू चं तर्फू, मी चं मर्फी. बघा, इथे आपणसुद्धा अक्षर फोडलं, त ला ऊ पासून वेगळं केलं. म्हणजे मराठी डोक्याला ती शिवण माहीतच नाही असं नाही, फक्त ती आतली शिवण आहे, नियमानं भाग पाडल्याशिवाय हात तिथे जात नाही.

अरबीची गोष्ट अजून वेगळी. अरबीत शब्दाचा गाभा म्हणजे तीन व्यंजनं, क-त-ब म्हटलं की लिहिण्याशी संबंध आला, आणि मग मधले स्वर बदलले की किताब, कातिब, मकतब असे शब्द तयार होतात. आता सौदी अरेबियातल्या हिजाझ भागातल्या बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, एका खेळभाषेत काय करतात, तर ही गाभ्यातली व्यंजनं आपापसात हवी तशी फिरवतात आणि स्वरांची चौकट जागच्या जागी ठेवतात. मराठीत असं करायचं कुणाला सुचणारही नाही, कारण आपल्या शब्दांना ती शिवणच नाही. भाषेच्या पुस्तकांत "धातू" नावानं जी गोष्ट शिकवतात ती खेळताना अशी हाताला लागते.

इंडोनेशियातलं एक उदाहरण आपल्या माणसांना लगेच कळेल. योग्याकार्ता शहरातली पोरं शब्द उलटा करत नाहीत, वर्णमाला वापरतात. जावानीज लिपीत वीस अक्षरं पाच-पाचच्या चार ओळींत मांडलेली असतात, तर पहिल्या ओळीतल्या अक्षराच्या जागी तिसऱ्या ओळीतलं त्याच घरातलं अक्षर घ्यायचं आणि दुसरीच्या जागी चौथीतलं, आणि उलट. त्यामुळे मातामु (तुझे डोळे) चं होतं दागादु. आपल्याकडे क च्या खाली च, च च्या खाली ट अशी जी मांडणी आहे ती वापरून क्लासमध्ये चिठ्ठ्या लिहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि आवाज सोडून थेट अर्थ उलटा करणारेही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांमध्ये वयात येणारे मुलगे जी विधीची भाषा शिकायचे तिच्यात प्रत्येक शब्दाच्या जागी विरुद्ध शब्द वापरायचा, "मी जमिनीवर बसलोय" हे सांगायला "दुसरा कोणीतरी आकाशात उभा आहे" असं म्हणायचं. केन हेल या भाषाशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये हे लिहून ठेवलं. आता विचार करा, "मी" चं विरुद्ध काय हे ठरवायला भाषेची किती खोल समज लागते.

मग हे मुलांना शिकवतं कोण?

मोठी माणसं शिकवत नाहीत, एवढं नक्की. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या जोडप्यानं सुमारे ५,००० शाळकरी मुलांकडून त्यांची गाणी, चिडवण्या, शब्दखेळ गोळा केले आणि १९५९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, त्यातून दिसलं की हा सगळा खजिना मुलाकडून मुलाकडे जातो. दहा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलीला शिकवते, आणि मोठी होऊन विसरून जाते, तोवर धाकटीनं पुढच्या कुणाला तरी दिलेला असतो. आईबापांना वाटतं आपल्या वेळचं सगळं संपलं, पण ती साखळी त्यांच्या डोक्याखालून चालूच असते.

पण नियम मैत्रिणीनं सांगितला तरी कापायची अक्कल कुठून आली? यावर खरंच छान प्रयोग झालेत. १९७४ मध्ये अमेरिकेत इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना सांगितलं, शब्दात जितके तुकडे तितक्या वेळा टेबलावर टकटक करा. चार वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना अक्षराएवढे तुकडे मोजता आले. सुटे ध्वनी मात्र एकालाही नाही. सहा वर्षांच्या, म्हणजे वाचायला शिकलेल्या मुलांमध्ये ९० टक्क्यांना अक्षरं जमली आणि ७० टक्क्यांना ध्वनीही.

मग प्रश्न पडतो की हे वयामुळे की वाचायला शिकल्यामुळे? १९७९ मध्ये पोर्तुगालमध्ये जोझे मोराइश यांच्या गटानं कधीच शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांना विचारलं, शब्दातला पहिला ध्वनी काढून टाकून उरलेलं बोला. बहुतेकांना ते जमेना. त्याच भागातली, तशाच परिस्थितीतली, पण मोठेपणी वाचायला शिकलेली माणसं होती, त्यांना मात्र जमलं. म्हणजे अक्षराएवढा तुकडा पाडणं बोलता बोलता येतं, आणि त्याच्या आतला एकेक ध्वनी सुटा करणं हे बरंचसं लिपीमुळे येतं. इंग्रजी मूल स्ट्र असा तुकडा का काढतं याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे, त्याच्या लिपीत त्या प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह आहे, आणि आपल्या लिपीत स्ट्री ही एकच आकृती.

"नियम सगळ्यांना माहीत असेल तर गुप्त कसलं?"

हा आक्षेप बरोबर आहे. च ची भाषा वर्गात सगळ्यांना माहीत असते, कित्येकदा आईलाही. तरी ती गुप्त राहते, कारण माहीत असणं आणि वेगानं ऐकता येणं यात फार अंतर आहे. नियम माहीत असलेला माणूस पहिला शब्द सोडवेपर्यंत बोलणारा सहाव्या शब्दावर पोचलेला असतो. सायकल कशी चालवायची हे माहीत असणं आणि चालवता येणं, तसंच. त्यामुळे इथे कुलूप नियमाला नाही, सरावाला आहे, आणि सराव फक्त त्यालाच असतो जो रोज आपल्यासोबत खेळतो. म्हणून या भाषा गुपित लपवायला जितक्या कामाच्या, त्याहून जास्त "तू आपल्यातला" हे सांगायला कामाच्या. "आपण उद्या भेटू" ही काय लपवायची गोष्ट आहे? पण "चपणआ चद्याउ चटूभे" म्हटलं की ती दोघींची होते.

मोठ्यांनीही याचा उपयोग करून घेतलाय. वात्स्यायनानं दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत "म्लेच्छितविकल्प" नावाची एक कला आहे, अक्षरांची अदलाबदल करून चांगला शब्द अनोळखी करायची कला, आणि त्याच यादीत प्रहेलिका म्हणजे कोडी, दुर्वाचकयोग म्हणजे जीभ अडखळेल अशी रचना, प्रतिमाला म्हणजे आपली भेंड्या-अंत्याक्षरी हेही आहे. पोरांचा पावसाळी दुपारचा सगळा कार्यक्रमच म्हणा ना. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यातली सकळ लिपी सगळ्यात प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात लंडनचे फेरीवाले गिऱ्हाइकांसमोर उलटे शब्द बोलायचे, त्यातला "यॉब" हा शब्द म्हणजे उलटा केलेला "बॉय", आज इंग्रजीत तो वांड पोरासाठी सर्रास वापरतात.

फ्रान्समध्ये तर हे फार पुढे गेलं. तिथल्या तरुणांच्या उलट्या भाषेचं नाव वेरलां, हा शब्दच लांवेर (म्हणजे "उलटं") चे दोन तुकडे अदलाबदल करून झालाय. या भाषेत आराब चं "बर" झालं, अरब कुटुंबांतल्या पोरांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द. मग तो इतका पसरला की पेपरात आला, शब्दकोशात आला, सगळेच वापरायला लागले. तेव्हा पोरांनी काय केलं? बर पुन्हा उलटा केला, आणि "रबो" तयार झाला. गुपित फुटलं की पुन्हा एक घडी घालायची. ६७ चंही असंच झालं, मोठ्यांनी आणि जाहिरातींनी म्हणायला सुरुवात केली की मुलांचा त्यातला रस उडतो.

"यानं मुलांची भाषा बिघडत नाही का?"

पालकांना ही भीती खरंच वाटते. आधीच दोन-तीन भाषांची खिचडी, त्यात ही अजून एक. पण उलटं बोलायला सुलटं पक्कं यावं लागतं. "चरतोसक" म्हणायचं तर आधी "करतोस" डोक्यात नीट हवं, त्याची चार अक्षरं ओळीनं हवीत, त्यातलं एक उचलून बाकीची तीन हातात धरून ठेवता यायला हवीत, आणि तोवर वाक्यातला पुढचा शब्द तयार हवा. व्याकरणाला तर धक्काही लागत नाही, बघा, मुलगी असेल तर ती "चरतेसक" म्हणते, लिंग, वचन, काळ सगळं जसंच्या तसं उलट्या शर्टात येतं.

वाचायला शिकण्याशीही याचं नातं आहे. ब्रिटनमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी सुमारे ४०० लहान मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवलं आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले, त्यात दिसलं की ज्यांना चार-पाच वर्षांचे असताना शब्दांतले सारखे आवाज, यमकं ओळखता येत होती ती पुढे वाचनात सरस ठरली. यावरून च ची भाषा बोलली की मूल हुशार होतं असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. पण आवाजांशी खेळणं आणि वाचणं यांची मुळं जवळजवळ आहेत इतकं नक्की म्हणता येतं.

"पण खरंच काही लपवत असतील तर?"

लपवतातच. कोण पहिल्या बाकावरच्या मुलाला आवडतं, कुणी वही फाडली, भांडण कुणाशी. नऊ-दहा वर्षांच्या माणसाला स्वतःची अशी जागा लागते, घरात त्याचं दार बंद करता येईल अशी खोली बहुतेकांना नसते, मग ते भाषेचं दार लावून घेतं. मला यात काळजीपेक्षा कौतुकच जास्त वाटतं.

काळजी कधी करावी? भाषेवरून ते कळत नाही. मूल गप्प झालं, झोप उडाली, मित्र टाळायला लागलं तर ते चेहऱ्यावर आणि वागण्यात दिसतं, तेव्हा त्याच्याशी साध्या भाषेत बोलायला बसावं. चोरून कोड फोडून ऐकण्यानं फारसं हाती लागत नाही, आणि फोडलेलं कळलं की मुलं घडी बदलतात, बर चं रबो करतात.

"आणि ज्याला जमत नाही त्याचं काय?"

यावर कमी बोललं जातं. "तू आपल्यातला" हे सांगणारी भाषा "तू आपल्यातला नाहीस" हेही सांगते. काही मुलांना आवाजांचे तुकडे करणं खरोखर अवघड जातं, विशेषतः डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणारी अडचण, असेल तर, शब्दांच्या सुरुवातीच्या ध्वनींची अदलाबदल करायला सांगणं हा प्रकार तर डिस्लेक्सियाच्या तपासणीतसुद्धा वापरतात. अशा मुलासमोर चौघं भराभर च च्या भाषेत बोलून हसत असतील तर त्याला काय वाटत असेल याची कल्पना करवत नाही. इथे मोठ्यांनी नक्की मधे पडावं, खेळ बंद करायला नाही, वेग कमी करायला. दोन अक्षरी शब्दांपासून, टाळ्या वाजवत, कागदावर अक्षरं सुटी लिहून हलवत शिकवलं तर बऱ्याच मुलांना जमतं. पण हा अभ्यास नाही आणि परीक्षा तर अजिबात नाही, जमलं नाही तर सोडून द्यायचं, दुसरा खेळ.

आता सगळं टायपिंगवर आलंय, मग?

तोंडी खेळात वेग हे कुलूप होतं. मेसेजमध्ये वेग चालत नाही, समोरचा दहा वेळा वाचू शकतो, म्हणून तिथे नियम सोडून सांकेतिक शब्द वाढलेत, आकडे, इमोजी, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग. शिवाय टाइप करताना मुलं अक्षरापेक्षा एकेक की दाबतात, रोमनमध्ये मराठी लिहिताना तर सगळं सुटं सुटंच असतं. मोराइश यांचा प्रयोग आठवला की माझ्या मनात येतं, रोमनमध्ये मराठी टाइप करत वाढलेल्या मुलांची सुरी स्ट्री वर वेगळ्या जागी पडायला लागेल का?

यासाठी जोडाक्षरं बघायची. मी भाचीला आणि तिच्या मैत्रिणीला "पुस्तक" दिलं. भाची म्हणाली "चस्तकपु". मैत्रीण म्हणाली "चतकपुस्". एकीनं पु-स्त-क असं लिहिल्याप्रमाणे कापलं, दुसरीनं पुस्-तक असं बोलल्याप्रमाणे. दोघी पाच मिनिटं भांडल्या, शेवटी माझ्याकडे आल्या, बरोबर कोण. पनामातल्या कुना लोकांच्या उलट्या बोलण्यावर जोएल शर्झर यांनी १९७० मध्ये लिहिलं तेव्हा त्यांनाही हेच आढळलं होतं, की काही शब्द दोन माणसं दोन जागी कापतात, आणि दोघांचीही शिवण खरी असते. मी त्या दोघींना तेच सांगितलं. त्यांना पटलं नाही. मग त्यांनी "शब्द" हा शब्द घेतला, चब्दश की चदशब्, आणि परत सुरू झाल्या.